सेंट्रल लाइनचे प्रकार: आयसीयूत आणि वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

नर्सेसची नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात मला साधारण हेच प्रश्न विचारले जातात. बहुतेकांची अडचण सेंट्रल लाइनच्या, म्हणजे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असलेल्या नळीच्या, नावांपाशी असते. ट्रिपल ल्युमेन, पिक, हिकमन, पोर्ट, परमकॅथ, सगळं डोक्यात एकत्र होतं. नावं हळूहळू पाठ होतातच. पेशंटजवळ उभं राहिल्यावर मात्र तीन गोष्टी आधी सांगता आल्या पाहिजेत: लाइनचं टोक आत कुठे आहे, ती त्वचेतून बाहेर कुठे आली आहे, आणि आत्ता कोणत्या ल्युमेनमधून (नळीतल्या स्वतंत्र वाटेतून) काय चाललंय. खालची उत्तरं मी याच धाग्याने लिहिली आहेत. लॉकचं (वापरात नसताना नळीत भरून ठेवलेल्या द्रवाचं) प्रमाण, ड्रेसिंगचे दिवस अशा बाबतींत तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल पाळायचा.

हाताला लावलेल्या लाइनला सेंट्रल का म्हणायचं?

कारण नाव टोकावरून ठरतं, सुई कुठे टोचली यावरून नाही. लाइन मानेतून गेली असो, कॉलरबोनखालून गेली असो की दंडातून, टोक सुपीरियर व्हेना केव्हाच्या खालच्या भागात, म्हणजे ती शीर उजव्या कर्णिकेला मिळते त्या जागेजवळ असलं की ती सेंट्रल. जांघेतून घातलेल्या लाइनचं टोक खालच्या मोठ्या शिरेच्या दिशेने असतं. तीही सेंट्रलच.

साधी आयव्ही चालू असताना एवढा खटाटोप कशासाठी?

हाताच्या शिरेत रक्त संथ वाहतं. सुपीरियर व्हेना केव्हात मिनिटाला सुमारे २ लिटर रक्त वाहतं. दाहक औषध तिथे पडलं की क्षणात पातळ होतं आणि शिरेच्या भिंतीला त्रास होत नाही. नॉरअॅड्रिनॅलिन, तीव्र पोटॅशियम, पूर्ण टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण), बरीचशी केमो ही याच कारणासाठी सेंट्रल लाइनमधून जातात. टीपीएनच्या पिशवीवर ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) लिहिलेली असते. ती ९०० च्या वर असेल तर हाताच्या शिरेतून देण्याचा विचारच करायचा नाही.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते. पेशंट शॉकमध्ये आहे आणि सलाइन झटपट द्यायचंय, तर लांब, बारीक ल्युमेनची ट्रिपल ल्युमेन त्या कामाची नाही. नळी जितकी आखूड आणि रुंद, तितका प्रवाह जास्त. कोपराला लावलेली १४ किंवा १६ गेजची कॅन्युला २० सेंटिमीटर लांबीच्या ल्युमेनपेक्षा भरभर देते.

एकूण प्रकार किती?

ढोबळमानाने चार घराणी लक्षात ठेवा. त्वचेतून थेट शिरेत गेलेली तात्पुरती लाइन, दंडातून जाणारी पिक, त्वचेखाली बोगदा करून आणलेली टनेल्ड लाइन, आणि पूर्णपणे त्वचेखाली बसवलेला पोर्ट. डायलिसिसची लाइन तात्पुरतीही असते आणि टनेल्डही (परमकॅथ), पण तिचे नियम इतके वेगळे की मी ती स्वतंत्रच शिकवते. नवजात बाळांत नाळेच्या शिरेतून घातलेली लाइन हा आणखी एक प्रकार. ती साधारण ७ ते १४ दिवसांच्या आत काढायची असते.

मानेतली ट्रिपल ल्युमेन: तीन रंग, तीन टोप्या. कोणतं तोंड कशासाठी?

आपण सर्रास बघतो ती ७ फ्रेंचची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची लाइन. बाहेरून एक नळी दिसते, आत तीन स्वतंत्र वाटा असतात आणि त्या शिरेत वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात. अगदी टोकाला उघडते ती डिस्टल, मधली मीडियल, त्वचेच्या बाजूची प्रॉक्सिमल. सगळीकडे दिसणाऱ्या एका प्रकारात डिस्टल तपकिरी, मीडियल निळी आणि प्रॉक्सिमल पांढरी असते. पण रंगावर विसंबू नका. कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. क्लॅम्पवर किंवा हबवर (तोंडाच्या जोडावर) नाव आणि गेज छापलेलं असतं, ते वाचायचं.

डिस्टल सहसा सर्वांत रुंद, १६ गेजची. सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) तिच्यावर मोजतात, रक्त किंवा घट्ट द्रव तिच्यातून देतात. टीपीएन सुरू असेल तर एक ल्युमेन फक्त त्यालाच ठेवायचं आणि त्यातून दुसरं काहीही द्यायचं नाही. व्हॅसोप्रेसरचं (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचं) ल्युमेन वेगळं, त्यावर ठळक लेबल.

हे लेबल मी इतकं का लावून धरते ते सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी नाइट ड्युटीला मी एका पेशंटचं अँटिबायोटिक द्यायला गेले. मानेजवळ थ्री-वेंची (तीन तोंडांच्या जोडण्यांची) गर्दी, अंधुक दिवा. एक तोंड मोकळं दिसलं, मी १० मिली सलाइनने फ्लश मारला. त्याच ल्युमेनमधून नॉरअॅड्रिनॅलिन चालू होतं. नळीत साचलेलं औषध एकदम आत गेलं आणि मॉनिटरवर वरचं प्रेशर बघता बघता २३० वर पोचलं. पेशंट बचावला, काही मिनिटांत प्रेशर खाली आलं, पण ती मिनिटं मी विसरलेले नाही. तेव्हापासून काहीही टोचण्याआधी मी औषधाच्या पिशवीपासून किंवा सिरिंज पंपापासून हात सुरू करते आणि नळीवरून बोट फिरवत त्वचेपर्यंत येते. डोळे फसतात, बोट सहसा फसत नाही. तुम्हीही प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला असंच करा.

फ्रेंच आणि गेज यात नेहमी गोंधळ होतो.

फ्रेंच म्हणजे बाहेरचा व्यास, ३ फ्रेंच बरोबर १ मिलिमीटर. आकडा वाढला की नळी जाड. गेजचं उलटं, आकडा वाढला की बारीक. पूर्ण लाइनची जाडी फ्रेंचमध्ये सांगतात, आतल्या प्रत्येक ल्युमेनची गेजमध्ये.

मान, कॉलरबोन की जांघ: जागेने आपल्या कामात काय फरक पडतो?

जागा डॉक्टर ठरवतात, पण तिची काळजी आपल्या गळ्यात असते. मानेतली इंटर्नल ज्युग्युलर सोनोग्राफीवर छान दिसते, दाब देता येतो. पण मान हलते, दाढी असते, ट्रॅकिऑस्टॉमीचा स्राव ओघळतो आणि ड्रेसिंग सुटतं. कॉलरबोनखालची सबक्लेव्हियन ड्रेसिंगला सर्वांत सोयीची आणि इन्फेक्शनच्या दृष्टीनेही बरी. तिथे धोका न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाभोवती हवा शिरण्याचा), शिवाय रक्तस्राव झाला तर हाडाखाली दाब देता येत नाही. जांघेतली लाइन तातडीच्या वेळी कामी येते, पण तिथे ओल आणि मळ टाळणं अवघड, आणि शिरेत गुठळी होण्याची भीतीही जास्त. ती जितक्या लवकर निघेल तितकं बरं.

किडनीच्या पेशंटसाठी एक वेगळी खबरदारी. पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) लागणार असेल तर त्याच्या हाताच्या शिरा आणि सबक्लेव्हियन जपायच्या असतात. अशा पेशंटला पिकची ऑर्डर दिसली तर एकदा विचारा. कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

पिक म्हणजे काय, आणि मिडलाइनपेक्षा ती वेगळी कशी?

पिक दंडातून, शक्यतो बॅसिलिक शिरेतून घालतात, कारण ती रुंद आणि सरळ असते. ब्रेकियल शीर धमनी आणि नसेला चिकटून जाते, म्हणून ती पहिली पसंती नाही. पिकची लांबी ५० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि टोक थेट हृदयाजवळ. काही आठवडे ते काही महिने ती राहू शकते. शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांहून जास्त जागा नळीने अडवू नये, नाहीतर गुठळी धरते.

मिडलाइन त्याच दंडात, तशाच ड्रेसिंगखाली असते, पण तिचं टोक काखेपर्यंतच जातं. ती सेंट्रल नाही. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात आणि घोळ इथेच होतो. मिडलाइनमधून व्हॅसोप्रेसर, दाहक केमो किंवा टीपीएन सोडलं तर काखेत भाजल्यासारखी इजा होऊ शकते. खात्री नसेल तर प्रोसिजर नोट आणि एक्स-रे बघा. 'दंडात आहे म्हणजे पिकच असणार' हे वाक्य मी हँडओव्हरला चालवून घेत नाही.

पिकच्या हातावर बीपीचा कफ बांधायचा नाही. बाहेर किती सेंटिमीटर नळी आहे ते रोज बघायचं आणि पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडायचं. नळी बाहेर सरकली म्हणजे टोकही सरकलं. ती पुन्हा आत ढकलायची नाही. दंडाचा घेरही पहिल्याच दिवशी मोजून ठेवा. पुढे सूज आली आणि घेर ३ सेंटिमीटरने वाढला तर गुठळीची शंका घ्यायची.

दंडातून हृदयापर्यंत नळी नेता येते हे प्रथम दाखवलं वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने, १९२९ साली, स्वतःच्याच हातावर. त्या वेळी निर्जंतुक साहित्याच्या कपाटाची जबाबदारी गेर्डा डिट्झन या नर्सकडे होती. प्रयोग माझ्यावर करा, असं ती म्हणाली. त्याने तिला टेबलावर बांधलं आणि नळी स्वतःच्या शिरेत घातली. मग दोघं एक्स-रे विभागात गेले आणि टोक हृदयात पोचल्याचं त्याने चित्रावर दाखवलं. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. मला प्रत्येक बॅचला डिट्झनचं नाव सांगावंसं वाटतं.

हिकमन, ब्रोव्हियॅक, ग्रोशाँग: हे तिन्ही एकच का?

तिन्ही टनेल्ड. नळी मानेजवळ शिरेत शिरते, पण त्वचेखालून काही सेंटिमीटर चालत येऊन छातीवर बाहेर पडते. त्या बोगद्यात नळीवर डेक्रॉनची कापडी पट्टी असते, तिला कफ म्हणतात. काही आठवड्यांत आजूबाजूचे ऊतक तिच्यात रुजतात. त्यामुळे नळी घट्ट धरली जाते आणि त्वचेवरच्या जंतूंची वाट अडते. कफ रुजेपर्यंत टाक्यांवर भिस्त असते, तेवढे दिवस ओढ अजिबात बसू द्यायची नाही.

ब्रोव्हियॅक १९७३ ची, बारीक. हिकमन १९७९ ची, तिच्याहून रुंद. ग्रोशाँगचं टोक बंद असतं आणि बाजूला एक चीर असते. आतून दाब दिला की चीर बाहेर उघडते, रक्त ओढलं की आत उघडते, एरवी मिटलेली राहते. म्हणून तिला क्लॅम्प लागत नाही आणि सलाइनचा फ्लश पुरतो. हिकमनला क्लॅम्प असतो आणि तो नळीवरच्या जाड भागावरच लावायचा. पातळ जागी लावला तर नळी चिरते.

पोर्ट टोचायला भीती वाटते.

वाटू द्या, हात सावध राहतो. पोर्ट म्हणजे त्वचेखाली शिवलेली छोटी डबी, वर सिलिकॉनचा पडदा, खालून निघालेली नळी शिरेत. बाहेर काहीच दिसत नाही, सुई नसताना पेशंट अंघोळही करू शकतो. लांब चालणाऱ्या केमोला याहून सोयीचं साधन नाही.

टोचायची ती ह्यूबर सुईनेच. साधी सुई सिलिकॉनचा तुकडा कापून काढते, मग पडदा गळू लागतो. ह्यूबरचं टोक वळवलेलं असल्याने ती पडदा न कापता बाजूला सारते. त्वचा स्वच्छ करून सुकू द्या. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी डबीची कड तीन बाजूंनी पक्की धरा. सुई सरळ, काटकोनात, न थबकता आत. डबीच्या तळाला लागली की बोटांना एक स्पष्ट 'टक्' जाणवतो. मग रक्त ओढून बघा. रक्त आलं नाही तर केमो सुरू करायची नाही. सुई पडद्याबाहेर असेल तर औषध त्वचेखाली साचतं आणि मांस जळतं.

सलग उपचारात सुई ७ दिवसांनी बदलतात. पोर्ट वापरात नसेल तर ठरावीक अंतराने फ्लश लागतो. पूर्वीपासून महिन्याने देण्याची पद्धत आहे, अलीकडे काही ठिकाणी तीन महिन्यांपर्यंत अंतर ठेवतात.

दुसरी लाइन मिळत नाही. डायलिसिसच्या लाइनमधून अँटिबायोटिक देऊ का?

नाही. डायलिसिस टीमच्या परवानगीशिवाय त्या लाइनला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंत हेपॅरिनचा लॉक भरलेला असतो. समजा तो ५००० युनिट प्रति मिलीचा आहे आणि प्रत्येक बाजूत दीड मिली आहे. तो आधी ओढून न काढता कोणी फ्लश मारला तर १५,००० युनिट हेपॅरिन एका झटक्यात रक्तात जाईल. लाल आणि निळा हे रंगही फसवतात. लाल बाजू धमनीत नसते. दोन्ही शिरेतच असतात, लाल बाजूने मशीन रक्त ओढतं आणि निळ्या बाजूने परत देतं, एवढाच अर्थ.

फ्लशला १० मिलीचीच सिरिंज का?

सिरिंज जितकी लहान, तितका तिचा दाब जास्त. २ मिलीच्या सिरिंजने जोर लावला तर अडलेली नळी आतून फुटू शकते. थोडं ढकला, थांबा, पुन्हा ढकला. त्या धक्क्यांनी आतल्या भिंती धुतल्या जातात. रक्त दिल्यावर किंवा काढल्यावर २० मिली. शेवटचा अर्धा मिली ढकलत असतानाच क्लॅम्प लावा, म्हणजे टोकात रक्त मागे येत नाही.

फ्लश जातो, पण रक्त परत येत नाही. लाइन चालू समजायची का?

अर्धवट चालू. टोक शिरेच्या भिंतीला चिकटलेलं असेल, किंवा टोकाभोवती फायब्रिनची (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची) पिशवी तयार झाली असेल. ती झडपेसारखी वागते: बाहेर जाऊ देते, आत ओढलं की मिटते. आधी पेशंटला कुशीवर वळवा, हात वर करायला सांगा, खोकायला सांगा. नळी कुठे दुमडली आहे का ते ड्रेसिंगखालीही बघा. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना कळवा. गुठळी असेल तर २ मिलीत २ मिलिग्रॅम अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) भरून ३० मिनिटं ते २ तास ठेवतात.

कालपर्यंत उत्तम चालणारी लाइन औषध देता देता अचानक बंद पडली, तर गुठळीआधी औषधांचा विचार करा. डेक्स्ट्रोजमध्ये गेलेलं फेनिटॉइन स्फटिक धरतं, सेफ्ट्रिअॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की साका बसतो. दोन औषधांच्या मध्ये सलाइनचा फ्लश द्यायचा तो यासाठी.

एक्स-रे यायच्या आधी औषध सुरू करा म्हणतात. करायचं का?

जीव वाचवण्याची घाई असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा, आणि तो लिहून घ्या. एरवी टोकाची जागा पक्की होईपर्यंत थांबायचं. मानेतून घातलेली लाइन कधी दुसऱ्या बाजूच्या शिरेत जाते, पिक कधी मानेत वर चढते. पिक ईसीजीच्या मदतीने बसवली असेल तर पी वेव्ह बघूनही जागा निश्चित करतात.

सीव्हीपी मोजताना रीडिंग दर वेळी वेगळं का येतं?

बहुतेकदा ट्रान्सड्यूसरच्या (दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या) उंचीमुळे. चौथी बरगडीमधली जागा आणि काखेची मधली रेघ जिथे मिळते तिथे पेनने खूण करा आणि दर वेळी तिथूनच झिरो करा. साधारण रीडिंग २ ते ८ मिलिमीटर पारा. एका आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा.

इन्फेक्शन टाळायला नर्सच्या हातात नेमकं काय आहे?

जवळजवळ सगळंच. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात केलेलं काम २००६ साली प्रसिद्ध झालं. १०३ आयसीयूंत पाच साध्या गोष्टी पाळल्या गेल्या: हात धुणं, लाइन घालताना पूर्ण गाऊन आणि मोठी चादर, क्लोरहेक्सिडीन, जांघ टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. लाइनमुळे होणाऱ्या रक्तातल्या इन्फेक्शनचा मध्यक दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. चेकलिस्ट नर्सच्या हातात होती, आणि कोणी पायरी चुकवली तर प्रोसिजर थांबवण्याचा अधिकारही तिला होता. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं.

लाइन बसल्यानंतरचं काम मात्र दिवसातून पन्नास वेळा करायचं असतं आणि कंटाळ्याने तिथेच ढिलाई येते. हब अल्कोहोलने किमान ५ ते १५ सेकंद घासायचा, नुसता पुसायचा नाही, आणि सुकू द्यायचा. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचं २ दिवसांनी, आणि ओलं, सैल किंवा मळलेलं दिसलं तर त्याच क्षणी बदलायचं. टीपीएनमध्ये लिपिड असेल तर नळीचा सेट २४ तासांनी. आणि रोजच्या राउंडला डॉक्टरांना विचारायचं, ही लाइन आज लागणार आहे का?

टोपी सुटली आणि हवा आत गेली तर?

आधी क्लॅम्प, मग बाकी सगळं. १४ गेजच्या सुईएवढ्या भोकातून, ५ सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबफरकावर सेकंदाला १०० मिलीच्या आसपास हवा आत जाऊ शकते. पेशंटला डाव्या कुशीवर, डोकं खाली, १०० टक्के ऑक्सिजन, आणि मदतीला हाक. अचानक धाप, छातीत दुखणं, प्रेशर पडणं ही लक्षणं दिसली की मॉनिटर नीट करत बसू नका, आधी नळीवरून बोट फिरवा.

काढताना काय सांभाळायचं?

टनेल्ड लाइन आणि पोर्ट आपण बेडसाइडला ओढून काढत नाही. तात्पुरती लाइन आणि पिक काढताना पेशंट आडवा हवा. खुर्चीत बसवून कधीही नाही, कारण बसल्यावर छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि ताज्या भोकातून हवा ओढली जाते. मानेतली लाइन असेल तर डोकं थोडं खाली. त्याला श्वास सोडायला किंवा श्वास धरून कुंथायला सांगा, त्याच क्षणी नळी एकसारख्या वेगाने बाहेर घ्या. लगेच दाब द्या, किमान ५ मिनिटं, रक्त पातळ असेल तर जास्त. वर हवाबंद ड्रेसिंग लावा आणि ते २४ तास राहू द्या. पेशंटला अर्धा तास आडवाच ठेवा.

नळी मध्येच अडली तर जोर लावायचा नाही. पिक काढताना शीर आकसते आणि नळी धरून ठेवते. अशा वेळी थांबा, दंडावर कोमट शेक द्या, पेशंटशी बोला, वीस-तीस मिनिटांनी पुन्हा हलकेच बघा. तरीही येत नसेल तर जागेवर टेप लावून डॉक्टरांना बोलवा. नळी बाहेर आल्यावर ती गॉजवर सरळ ठेवा, टोक अखंड आहे का ते बघा, लांबी मोजा, घालतानाच्या नोंदीशी जुळते का ते पाहा आणि तो आकडा चार्टवर लिहा.